आत्याचे दोन स्टार

चष्मेवाला खोली मोजायला आला तेव्हा खोडू खुर्चीत बसून काम करत होती. तिला उठवायचा त्याला संकोच वाटला, म्हणून त्याने खोली तिच्यासकट मोजली. टेप तिच्या पाठीमागून गेली, टेबलाखालून आली आणि खिडकीच्या चौकटीला जाऊन टेकली.

"भिंत पुरेल," तो सासऱ्यांना म्हणाला. "अक्षरांचा तक्ता इथे लागेल. पेशंट तिथे बसेल."

तिथे म्हणजे खोडू बसली होती तिथे.

"बसेल की," सासरे म्हणाले. "त्या जागेला बसून राहणाऱ्या माणसांची सवयच आहे."

खोडूने हे ऐकलं आणि पडद्यावरच्या वेलीचं एक पान केसभर डावीकडे सरकवलं. मग परत उजवीकडे सरकवलं.

खोडू हे तिचं कागदोपत्रीचं नाव नव्हे. लहानपणी चित्र काढताना ती खोडरबराने इतकं खोडायची की कागदाला भोक पडायचं. एकदा आत्याने त्या भोकाला डोळा लावून "काय गं खोडू, आहेस का तिकडे?" असं विचारलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. सासरी ते येऊ नये म्हणून तिने बरीच खबरदारी घेतली होती. पण लग्नात आत्याने भर मांडवात हाक मारली आणि सगळी खबरदारी पाण्यात गेली.

ती डिझायनर झाली याचं माहेरी कुणाला नवल वाटलं नाही. सासरी मात्र तिचा धंदा समजावून सांगावा लागला. ऑनलाइन बाजारात तिचं दुकान होतं. बरण्यांवर, डब्यांवर, वह्यांवर लावायची लेबलं ती तयार करायची. गिऱ्हाइकाने पैसे भरायचे, फाइल उतरवून घ्यायची, तिच्यात हवी ती नावं घालायची, घरी छापायची, कापायची, चिकटवायची. एकदा काढलेलं डिझाइन हजार वेळा विकता येतं. माल संपत नाही, उधारी होत नाही, गोदाम लागत नाही.

सासऱ्यांचा जन्म सिमेंटच्या गोदामात गोण्या मोजण्यात गेला होता. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे गाय एकच, आणि दूध काढायला लोक आपापली भांडी घेऊन येतात?"

"तसंच म्हणा, बाबा."

"आणि चारा?"

"चारा लागत नाही."

"मग ती गाय फार दिवस टिकायची नाही," सासरे म्हणाले. पण तिला रस्त्याकडची खोली दिली. चांगल्या उजेडाची, मोठ्या खिडकीची, स्वतंत्र दाराची. त्या घरात याहून मोठा मान नव्हता.

पहिली दोन-तीन वर्षं गाय जोरात होती. एखादी फाइल विकली गेली की खोडूचा फोन 'टुण' करायचा. पलीकडच्या खोलीत पेपर वाचणारे सासरे मान वर न करता म्हणायचे, "पडलं." जेवताना टुण झालं तर तेवढ्यापुरता घास थांबवायचे. पाहुणे आले आणि टुण झालं तर पाहुण्यांना 'सुनेच्या खात्यात पैसे पडले' असा अर्थ समजावून सांगायचे. सगळ्यात जास्त टुण व्हायचं ते 'हिरवी वेल' या संचाचं. गडद हिरवी जमीन, तिच्यावर पांढरी नाजूक वेल, कडा पानांसारख्या नागमोडी. ती वेल काढायला खोडूने एक अख्खा उन्हाळा घेतला होता.

मग टुण विरळ झालं. आधी दुकानं वाढली. मग बाजाराने आपलं कमिशन वाढवलं. मग अशी यंत्रं आली की चहाला उकळी फुटायच्या आत शंभर वेली काढून देतात, खोडरबर न लावता. खोडूचा विक्रीचा आलेख जिन्यासारखा होता, फक्त तो उतरायचा होता.

"सूनबाई, फोन दुरुस्तीला टाक एकदा," सासरे म्हणाले.

"फोन बरा आहे, बाबा."

"मग वाजत का नाही?"

तिने आलेखाचा जिना त्यांच्यापुढे धरला. सासऱ्यांकडे त्यावर तोड म्हणून चष्मेवाला होता. भला माणूस, भाडं वेळेवर देणारा, वर घरातल्यांचे डोळे फुकट तपासणार. सासरे दुष्ट नव्हते, त्यांना रिकामी जागा सहन होत नव्हती एवढंच. त्यांनी सरळ व्यवहार मांडला. ही तिमाही संपेपर्यंत चष्मेवाल्याच्या भाड्याइतकी तरी कमाई दिसली तर खोली सुनेची. नाही दिसली तर तिचं टेबल जिन्याखाली. जिन्याखाली आधीपासून एक शिलाई मशीन, नवऱ्याची शाळेतली सायकल आणि कुणाची तरी सतार होती. त्या घरात जिन्याखाली गेलेली वस्तू परत वर आल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. त्यांतल्या प्रत्येकीच्या मागे एकेक माणूस होता, जो पूर्वी काहीतरी करायचा.

खोडू घाबरली आणि घाबरलेली माणसं करतात तेच करू लागली, म्हणजे सगळंच. तिने भाव उतरवले. भाव उतरल्यावर जे घेणार होते त्यांनाही शंका आली. तिने नवी डिझाइन्स काढली, आठवड्याला एकाऐवजी पाच. त्यांत तिला स्वतःलाच कुठलं कुठलं ते ओळखू येईना. शेजारच्या दुकानात गुलाबी ढग खपताहेत म्हटल्यावर तिने गुलाबी ढग काढले. ते दुकानात लागेपर्यंत लोक ढगांना कंटाळले.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या अडकलेल्या लिफ्टी सोडवून घरी आला की तो कमी बोलायचा आणि जे बोलायचा ते लिफ्टबद्दल असायचं.

"लिफ्ट अडकली की आतली माणसं सगळी बटणं दाबतात," तो म्हणाला. "एकाचाही उपयोग नसतो."

"मग काय करायचं असतं?"

"आम्हाला बोलवायचं असतं."

"मग ये ना. काढ मला बाहेर."

"तुझी लिफ्ट वेगळ्या कंपनीची आहे," तो म्हणाला आणि तिचं ताट वाढून तिथेच टेबलावर आणून ठेवलं.

धंद्यातल्या लोकांच्या एका गटात कुणीतरी खोडूला युक्ती सांगितली. नातेवाइकांना माल विकत घ्यायला लाव, पैसे नंतर परत कर, आणि त्यांच्याकडून पाच स्टारचे रिव्ह्यू लिहून घे. सगळेच करतात. सगळेच करतात हे ऐकलं की माणसाचं निम्मं पाप हलकं होतं. खोडूने माहेरच्या ग्रुपवर निरोप टाकला. मजकूरही स्वतःच लिहून दिला, म्हणजे कुणाला डोकं चालवायचा त्रास नको: "अतिशय सुंदर आणि उपयुक्त. सगळ्यांनी जरूर घ्या."

माहेर मायाळू होतं. संध्याकाळच्या आत सहा चुलत-मावस भावंडांनी 'हिरवी वेल' विकत घेतली आणि सहा वेळा अतिशय सुंदर आणि उपयुक्त झालं. टुण टुण ऐकून सासरे दारापर्यंत आले. धाकट्या मावसभावाने निरोप वाचायचेही कष्ट घेतले नाहीत, सगळा उचलून चिकटवला. त्यामुळे भर बाजारात त्याचा रिव्ह्यू असा लागला: "हे जसंच्या तसं टाका आणि पाच स्टार द्या. पैसे मी परत करते. अतिशय सुंदर आणि उपयुक्त."

आत्याचं काहीच आलं नाही. आत्या म्हणजे भूगोलाची निवृत्त शिक्षिका. जन्मात कुणाला पैकीच्या पैकी न दिलेली. नकाशात नदी चढावर वाहताना दिसली तर पोटच्या मुलीचे मार्क कापलेली. खोडूला वाटलं, विसरली असेल. पण आत्या विसरली नव्हती. ती छापत होती.

आठवडा उलटला आणि 'हिरवी वेल'खाली दोन स्टार लागले. सोबत मजकूर:

"चित्र म्हणून सुंदर आहे. मी छापून पाहिलं. जमीन गडद असल्यामुळे दोन कागदांत प्रिंटरची शाई संपली. नव्या शाईला लेबलांच्या कितीतरी पट पैसे पडतात. कडा नागमोडी असल्यामुळे कापायला अख्खी दुपार गेली व अंगठ्याला फोड आला. गोल बरणीवर लावल्यावर अर्धं नाव मागच्या बाजूला जातं. त्यामुळे मी सकाळच्या चहात मीठ घातलं. विकणारी माझी भाची आहे. मुलगी गुणी आहे, पण हे बरोबर नाही."

रिव्ह्यूखाली 'हे उपयोगी वाटलं' असं बटण असतं. खोडूच्या दुकानात त्या बटणाला तोवर कुणी हात लावला नव्हता. आत्याच्या मजकुराखाली त्या बटणाचा आकडा वाढत वाढत गेला आणि रिव्ह्यू सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसला. मग बाजाराच्या यंत्राने सहाही भावंडांचे रिव्ह्यू उडवले. एकसारखा मजकूर सापडला आहे, पुन्हा असं झाल्यास दुकान बंद, अशी ताकीद आली. आत्याचा मात्र जागेवर राहिला. तिच्यासारखा मजकूर जगात दुसरा नव्हता.

सासऱ्यांनी तो नातवंडांना गोष्ट सांगावी तसा मोठ्याने वाचला. चहात मीठ आल्यावर त्यांना हसू आवरेना. "बाई खरी आहे," ते डोळे पुसत म्हणाले. "गोदामात असती तर मी पगार वाढवला असता."

त्या आठवड्यात फोन एकदाही वाजला नाही. चष्मेवाला येऊन भिंतीला कुठला रंग द्यायचा ते विचारून गेला.

खोडू तणतणत आत्याकडे गेली. दाराशीच सुरू झाली. "आत्या, तू काय केलंस हे? घरचं माणूस असं करतं का?"

"चप्पल काढ," आत्या म्हणाली. "आणि जपून बस. शाईचे डाग आहेत सगळीकडे."

"तो रिव्ह्यू काढ. आत्ताच्या आत्ता. माझी खोली जायची वेळ आलीये."

"काढते की. त्यात खोटं काय ते सांग, लगेच काढते."

खोडूने चप्पल काढली. आत्याने तिच्यापुढे कात्री ठेवली, आणि एक छापलेला कागद. हिरवी वेल. दुसऱ्या कागदावर वेल अर्ध्यापर्यंत हिरवी होती आणि तिथून पुढे शाई संपत गेल्यामुळे आजारी पिवळट.

"हा चांगला कागद तुझ्यासाठी ठेवला होता. तू इतकं खपून काढलंस, म्हटलं, कापायचा मान तुझा. मी चहा टाकते."

खोडू कापायला बसली. पहिलं लेबल तिने ऐटीत कापलं. दुसऱ्याला कात्री वळणावर अडली. तिसऱ्याचं टोक उडालं. एका लेबलाला पानासारखी किती वळणं द्यायची हे तिनेच कधीतरी मोठ्या हौसेने ठरवलं होतं. पडद्यावर एक वळण काढून त्याच्या प्रती ओढत न्यायला काहीच लागत नाही. कात्रीला प्रत्येक वळण स्वतःच्या अंगाने जावं लागतं. चहा आला, निवला. आत्या समोर बसून कोडं सोडवत होती आणि मधूनमधून चष्म्यावरून बघत होती, परीक्षेच्या हॉलमध्ये बघावं तशी.

"वेळ संपत आली," आत्या म्हणाली.

"गप गं."

मग तिने लेबल बरणीवर लावलं. नाव डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत ऐसपैस पसरलेलं होतं, वेलीच्या वळणाने. बरणीवर चढल्याबरोबर त्याचं डोकं एका बाजूला गेलं आणि शेपूट दुसऱ्या. समोर राहिली फक्त मधली दोन अक्षरं आणि पुष्कळशी वेल.

खोडू बराच वेळ बरणी फिरवत राहिली.

"तुझ्या घरी कशी दिसतात ही?" आत्याने विचारलं.

"माझ्या घरी नाहीयेत."

"छापून बघितलीस तेव्हा गं?"

"कुठे छापणार? माझ्याकडे प्रिंटर नाही."

आत्याने पेन्सिल खाली ठेवली. "इतकी वर्षं छापायच्या वस्तू विकतेस ना तू?"

"लागला नाही कधी. दुकानात लावायला संगमरवरी टेबलावरच्या बरण्यांचं चित्र मिळतं तयार. त्यावर आपलं डिझाइन चढवायचं फक्त. सगळेच तसं करतात."

आत्या रागावेल असं खोडूला वाटलं. पण आत्या हसत सुटली, इतकी की तिला पदर तोंडाशी धरावा लागला. खोडू आधी रडवेली झाली, मग तिलाही फुटलं. स्वयंपाकीण बाईने आयुष्यात जेवून बघू नये, असा प्रकार होता तो.

हसून झाल्यावर आत्याने सल्ले द्यायला सुरुवात केली. ते मात्र ऐकण्याजोगे नव्हते. "प्रत्येक लेबलाच्या कोपऱ्यात चिन्हांची सूची दे," ती म्हणाली. "आणि उत्तर दिशा दाखव."

"बरणीला उत्तर दिशा कशाला?"

"फडताळात ठेवताना कळतं."

"आत्या, तू फक्त नापास कर. पास व्हायचं माझं मी बघते," खोडू म्हणाली. जाताना तिने आत्याचा प्रिंटर काखोटीला मारला. आत्याने हरकत घेतली नाही. शाई संपलेलीच होती.

त्यानंतर त्या रस्त्याकडच्या खोलीत जे सुरू झालं ते सासऱ्यांना प्रथमच धंद्यासारखं दिसलं. कागदांचे गठ्ठे आले. घरातल्या बरण्या रिकाम्या होऊन टेबलावर आल्या. नवऱ्याने लिफ्टच्या खिळे-नट-बोल्टांचे डबे आणून दिले. खोडू काढायची, छापायची, कापायची, चिकटवायची, चार पावलं मागे जाऊन बघायची आणि परत खोडायला बसायची. इतकी वर्षं ती पडद्यावरची वेल खोडत होती. आता बरणीवरचं लेबल खोडत होती. यात तिला जी मजा आली ती लहानपणी कागदाला भोक पाडताना यायची तीच होती.

एकेक गोष्ट जागेवर येत गेली. नागमोडी कडा गेल्या आणि सरळ आल्या. त्यासुद्धा अशा, की दोन लेबलांत कड एकच. कात्री एकदा फिरली की दोघांचं काम झालं. हिरवी जमीन उडाली. वेल राहिली, पण एका काळ्या शाईच्या बारीक रेघेची. रंग हवा असेल तर रंगीत कागदावर छापा, अशी सूचना आली. नाव मधोमध, दोन ओळींत, बरणीच्या समोरून जेवढं दिसतं तेवढ्यातच. वेलीला नावाभोवती फिरायची परवानगी मिळाली, नावावर चढायची नाही. खोडूच्या लक्षात आलं की वेल आता आधीपेक्षा देखणी दिसते आहे. तिचा तो अख्खा उन्हाळा हिरव्या शाईखाली बुडून गेला होता.

सासरे आधी दाराशी उभे राहून बघायचे. मग खुर्ची आणून बसले. मग म्हणाले, "आण इकडे. तुझ्याने सरळ कापलं जात नाही." गोण्यांवर शिक्के मारलेला हात होता, लेबल कसं सपाट बसवायचं ते त्याला कळत होतं. ते खिळ्यांच्या डब्यांवर लेबलं लावत बसायचे आणि वर कुरकुरायचे की चष्मेवाला आला की हे सगळं उचलावं लागणार. पण डबे लावायचे थांबले नाहीत.

खोडूने संगमरवरी टेबलाचं चित्र दुकानातून काढून टाकलं. त्याच्या जागी खऱ्या फोटोंचा संच लावला. त्यात खिडकीचा उजेड, पोचा आलेला डबा आणि लेबल दाबून बसवणारा सासऱ्यांचा जाडजूड अंगठा होता. संचाला नाव दिलं: 'आत्याने कापून पाहिलेली लेबलं'. आत्या ती सगळी कापून बसली होती, त्यामुळे हे निखालस खरं होतं. आत्याने अकरा दोष काढले होते आणि दहा खोडूने दुरुस्त केले होते. अकरावा उत्तर दिशेचा होता.

आणि मग तिने ते केलं जे धंद्यातला कुणीच करत नाही. आत्याच्या दोन स्टारच्या खाली तिने उत्तर लिहिलं: "आत्याचं म्हणणं बरोबर आहे. मी स्वतः कापून पाहिलं. माझाही अंगठा दुखतोय. नवीन संच तयार आहे. ज्यांनी जुनी वेल घेतली होती त्या सगळ्यांच्या खात्यात तो फुकट टाकला आहे. भावंडांनी लिहिलेलं मीच लिहून दिलं होतं. तेही चुकलं."

"फुकट?" सासरे म्हणाले. "सगळ्यांना?"

"ओलं सिमेंट पोचलं तर तुम्ही गोणी बदलून देत नव्हता, बाबा?"

सासऱ्यांनी पुढचा डबा उचलला. गोणी बदलून देण्यावरून त्यांचं मालकाशी एकदा मोठं भांडण झालं होतं, आणि ते त्यांनी जिंकलं होतं.

आधी काहीच झालं नाही. खोडू फोनकडे बघायची नाही, कारण बघितलं की तो वाजायचा नाही. मग जुनं एक गिऱ्हाईक उगवलं. त्या बाईने आपल्या फडताळाचा फोटो टाकला. सगळ्या बरण्या, सगळी नावं समोर. खाली लिहिलं होतं, "जुनी वेल छापून शाई संपली होती तेव्हा मी माझ्या प्रिंटरला दोष दिला आणि तो विकून टाकला. आता नवीन घेतला आहे." मग शिवणाऱ्या एकाने बटणांच्या डब्यांचा फोटो टाकला. मग कुणीतरी बियांच्या पुड्यांचा. जुनी गिऱ्हाइकं इतकी वर्षं कुठे गेली होती ते खोडूला आत्ता समजलं. ती रागावली नव्हती. ती एकदा कापून दमली होती आणि गुपचूप दुसरीकडे गेली होती. आत्यासारखं तोंडावर सांगणारं माणूस प्रत्येकाच्या दुकानाला मिळत नाही.

आत्याच्या रिव्ह्यूने आता भलतंच वळण घेतलं. लोक तो वाचायला दुकानात यायचे, चहातल्या मिठाला हसायचे, खालचं उत्तर वाचायचे आणि जाता जाता संच घेऊन जायचे. "मसाल्यांच्या छोट्या बाटल्यांसाठी काढाल का, पण आधी आत्यांना दाखवा," अशा मागण्या यायला लागल्या.

तिमाही संपायला आली तेव्हा चष्मेवाला करारपत्र आणि आगाऊ रक्कम घेऊन आला. अक्षरांचा तक्ता गुंडाळून काखेत होता. सासऱ्यांनी त्याला रस्त्याकडच्या खोलीतच बसवलं. दुसरीकडे बसायला जागा नव्हती, सगळ्या खुर्च्यांवर डबे होते. त्याने पेनाचं टोपण काढलं.

टुण.

"पडलं," सासरे म्हणाले. करारपत्र हातात घेतलं, चष्मा नाकावर ढकलला.

टुण. टुण.

"काय आहे हे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"काही नाही, सुनेचा धंदा. तुम्ही बोला."

चष्मेवाला बोलायला लागला. टुण. तो थांबला. पुन्हा बोलायला लागला. टुण टुण. शाळांतल्या शिक्षकांच्या एका मोठ्या गटात कुणीतरी आत्याचा रिव्ह्यू वाचून दाखवला होता आणि सगळ्यांनी आपापल्या प्रयोगशाळेच्या बाटल्यांसाठी संच घ्यायला सुरुवात केली होती. अर्थात हे खोडूलाही नंतर कळलं. त्या वेळी ती नुसती फोन हातात धरून उभी होती, आणि फोन उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखा उडत होता. सासऱ्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. गोदामातली सवय, गोणी दिसली की ओठ हलायचेच.

मग त्यांचे ओठ थांबले आणि त्यांनी करारपत्राची घडी घातली.

"चष्मेवाले," ते म्हणाले, "खोली देता येणार नाही. खोलीत गोदाम आहे."

"अहो, पण शब्द ठरला होता."

"शब्द तिमाहीचा होता, आणि तिमाहीत तुमच्या भाड्याइतकी कमाई झाल्याचा हिशेब तिने कालच दाखवला. मला खरा वाटला नाही, एवढंच. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या शेजारचा गाळा रिकामा आहे. भाडं कमी पडेल, मी बोलतो त्याच्याशी."

चष्मेवाल्याने टोपण पेनाला लावलं. जाता जाता सवयीने त्याने भिंतीकडे पाहिलं, जिथे त्याचा तक्ता लागायचा होता. तिथे फळीवर खिळ्यांचे डबे ओळीने होते. त्याने एक डोळा हाताने झाकला आणि उरलेल्या डोळ्याने दारातून वाचलं. मग दुसरा झाकला.

"शेवटची ओळसुद्धा दिसते," तो जरा नाराजीनेच म्हणाला. "माझ्या तक्त्यापेक्षा बरी आहे. माझ्या फ्रेमांच्या खणांना लावायला मिळतील का?"

"दुकानात आहेत," खोडू म्हणाली. "तुमच्या प्रिंटरची शाई पुरेल."

त्याने तिथेच उभ्या उभ्या संच विकत घेतला. टुण. सासरे "पडलं" म्हणाले आणि त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. परत येताना जिन्याखाली थांबले आणि ती सतार बाहेर काढून, पुसून, बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवली. ती कुणाची होती ते त्या दिवशी घरात सगळ्यांना कळलं, कारण संध्याकाळी ते तारा लावत बसले आणि कुणाची हिंमत झाली नाही थांबवायची.

रात्रीच्या जेवणाआधी आत्याचा फोन आला. "मी रिव्ह्यू बदललाय," ती म्हणाली. "बघ."

खोडूने बघितलं. आता चार स्टार होते. खाली लिहिलं होतं: "शाई पुरली. कात्री सरळ गेली. चहा गोड झाला. पुष्कळ सुधारणा आहे."

"आणि पाचवा?"

"पाचवा कशाला? ओल्या हाताने बरणी धरून बघितलीस का कधी? अक्षरं पसरतात."

"पारदर्शक चिकटपट्टी वरून लावायला लिहिलंय मी खाली."

"ते वाचलं. म्हणून तर चार."

खोडू हसली. टेबलावर अंगठ्याच्या डागांनी भरलेली एक बरणी होती. तिने ती उचलली, नळाखाली धरली आणि चिकटपट्टीची कड पाण्याने कुठून सुटते ते बघायला लागली. मागे टुण झालं. ती वळली नाही.

"पडलं," सतारीमागून सासरे म्हणाले.